हॉलमधला दुसरा फोटो

— नाही, ते व्हायचं नाही. हॉलमध्ये एकच फोटो आहे आणि एकच राहील. तू बस आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडे पलंगाच्या कडेला बस. धाप लागलीय तुला, आणि वय काय तुझं, तीस? मी अजून दिवसातून दोनदा हा जिना उतरते. तुमच्या प्राचार्यबाई स्वतः आल्या नाहीत, तुला पाठवलं. का पाठवलं तेही कळतं मला — म्हातारी आहे, एखादी गोड बोलणारी पोर पाठवली की विरघळेल. मी काय लोणी आहे? हो हो, मध्ये बोलू नकोस, तुला काय सांगायचंय ते प्यून मला कालच सांगून गेला. भाषेच्या बाई गेल्या, सगळ्या कॉलेजला वाईट वाटलं, आयुष्य घातलं त्यांनी इथे, पोरी रडल्या, आणि आता त्यांचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा, देणगीदारांच्या मुलीच्या फोटोशेजारी. बरोबर ना? मग झालं. नाही म्हणतेय मी. कुटुंबाच्या वतीनं विश्वस्त मंडळावर मी एकटी उरलेय, आणि मी नाही म्हणते. अगं, नोकरी केली, पगार घेतला. घंटा वाजवणाऱ्यानंही आयुष्यच घातलं इथे, त्याचा फोटो लावता का तुम्ही?

काय म्हणालीस? त्या घरच्यासारख्या होत्या? कोणाच्या घरच्या? बघ बाई, तुम्ही हिला कॉलेज म्हणता, इमारत म्हणता, ए विंग, बी विंग म्हणता. मी हिला हवेली म्हणते. लाकूडवाल्याची हवेली. मामंजी — माझे सासरे — त्यांची लाकडाची वखार होती. अर्ध्या शहराची दारं-खिडक्या आमच्या वखारीतून गेलेली, पण सगळ्यात चांगलं लाकूड त्यांनी कोणाला विकलं नाही, ते इथे लावलं. आत्ता चढून आलीस तो जिना पहिल्या मजल्यापर्यंत एका झाडाचा आहे. एका. तुमच्या पोरी त्याच्या कठड्याला च्युइंगगम चिकटवतात. मला लग्नाआधी हवेली दाखवली होती, मुलगा नंतर दाखवला. वडिलांनी विचारलं, मुलगा पसंत आहे का, तर मी जिना डोळ्यांसमोर आणला आणि हो म्हटलं. हसतेस काय, तेव्हा सगळ्या असंच करायच्या, फक्त सगळ्यांच्या नशिबी जिना नसायचा. आणि मुलगा चांगलाच निघाला. चांगला म्हणजे खुर्चीसारखा — ठेवला तिथे राहायचा. मी काय रडत नव्हते. मला वाटायचं, सासूबाई नाहीत, सासरे आज आहेत उद्या नाहीत, पाच-दहा वर्षांत या सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला.

एकच अडचण. नणंद. माझ्याच वयाची, पण वन्सं म्हणायचं, अहोजाहो करायचं, आणि तिनं दिवसभर पुस्तकात नाक खुपसून बसायचं. पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली तिची — गोल खिडकीची, हो तीच, तुमची बारा नंबर. सकाळचं ऊन त्या खिडकीतून असं तिरकं यायचं आणि जमिनीवर ताटाएवढा गोल पडायचा. मला ती खोली हवी होती. मी मामंजींना एकदा आडून सुचवलं, तर म्हणाले, "ती मुलीची आहे. तिचं लग्न झालं की तुमची." म्हणजे बघ, तिचं लग्न व्हावं असं या घरात सगळ्यात जास्त कोणाला वाटत असेल, तर ते मला. आणि तिला काय हवं, तर कॉलेजात जायचं. मामंजी म्हणायचे, पुस्तकं घरी आणून देतो, हवी तेवढी देतो, जायचं कशाला? ती म्हणायची, "पुस्तकं वाचायला नाही जायचं मला, प्रश्न विचारायला जायचंय." असली बोलणी. लाडावलेली. मी असं बोलले असते तर वडिलांनी मुस्काट फोडलं असतं.

तर तिचा ताप. ते तुमच्या पुस्तिकेत दर वर्षी छापता ना — अल्पशा आजाराने, थंड हवेच्या ठिकाणी, ऐन तारुण्यात. बरोबर आहे, तसंच छापा. काय? कुठल्या दवाखान्यात? तू इतिहास शिकवतेस, नाही का. तरीच. आजवर कोणी विचारलं नाही गं हे. इतकी माणसं भाषणं करून गेली त्या फोटोखाली, आणि एकानंही विचारलं नाही की पोरीला नेलं कुठे, कोण होतं तिच्याजवळ. मोठ्या माणसानं सांगितलं की लोक खोटंसुद्धा हात जोडून ऐकतात. थांब, पाणी दे मला तेवढं. … आता सांगायला हरकत नाही म्हणा. मामंजी गेले, हे गेले, ज्यांना लाज वाटायची ते सगळे गेले. ताप नव्हता. पळून गेली ती.

फोटोवाल्याबरोबर. तिच्या लग्नासाठी, स्थळांना दाखवायला, फोटो काढायला त्याला बोलावलं होतं. एका फोटोसाठी तो चार वेळा आला. एकदा म्हणे उजेड नीट नव्हता, एकदा काच फुटली. मी जिन्यात उभी राहून बघायचे, आणि मला वाटायचं, या घरात डोळे फक्त मलाच दिलेत की काय. हॉलमधला तो फोटो बघ नीट कधीतरी, हसतेय ना ती त्यात? सगळे म्हणतात, काय निरागस हसू. निरागस. ती काळ्या कापडाखाली शिरलेल्या माणसाकडे बघून हसतेय. आणि गंमत अशी की मामंजींकडे तिचा मोठेपणीचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून त्यानं काढलेलाच मोठा करून लावावा लागला. भर दुपारी गेली, सगळे जेवून लवंडलेले असताना, बागेकडच्या दारानं. त्या दाराला दुपारी कुलूप घालायचं काम माझं होतं. राहिलं त्या दिवशी. राहतं कधीकधी माणसाकडून. त्यात काय.

मामंजी रात्री ताटावरून उठले आणि म्हणाले, "मेली ती आपल्याला." रागात म्हणतात तसं, दुसरं काही नाही. महिन्याभरात राग उतरला असता, माणसं पाठवली असती, रडून-ओरडून आणलीही असती परत. पण आठ-दहा दिवसांतच वखारीतला एक व्यापारी भेटायला आला आणि सहज म्हणाला, मुलगी दिसत नाही कुठे. आणि आमचे हे — आयुष्यात पहिल्यांदा कोणी न विचारता बोलले — घाबरून म्हणाले, "ताप होता हो तिला, थंड हवेला नेलं होतं, गेली." मामंजी समोरच बसलेले. मी चहा घेऊन दारात. मला वाटलं, आता उठतील आणि ह्यांच्या थोबाडीत देतील. नाही. त्यांनी मान खाली घातली. बस, मेली ती. दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली, जिन्यापर्यंत रांग, आणि मामंजी सगळ्यांसमोर रडायचे. खोटं नव्हते रडत. पोरगी गेलेलीच होती ना. कशी गेली एवढाच काय तो फरक.

आणि मग शोकसभा. तिथेच माझं नशीब फुटलं. तो गिरणीवाला — मामंजींचं आणि त्याचं जन्माचं वैर, एकानं दिवा लावला की दुसरा मशाल लावणार — तो उठला आणि म्हणाला, त्या गुणी मुलीच्या नावानं मी मुलींसाठी वाचनालय बांधून देतो. टाळ्या. मामंजी शेजारी बसलेले, मी मागच्या रांगेतून त्यांची मान लाल झालेली बघितली. माझ्या मुलीच्या नावानं हा देणार? उठले. मला आतून कळलं गं, हा माणूस आता काहीतरी भलतं बोलणार. म्हणाले, "माझ्या मुलीला शिकायची हौस होती. मी माझी हवेली देतो. इथे मुलींचं कॉलेज काढा." टाळ्या थांबेनात. गिरणीवाल्याचं तोंड पडलं, आणि माझं घर गेलं. एका माणसाचं नाक खाली करण्यासाठी. परतताना गाडीत मीच विचारलं, आम्ही कुठे राहायचं? म्हणाले, "वरचा मजला आहे ना." वर्षसुद्धा झालं नव्हतं माझ्या लग्नाला. ज्यानं पोरीला शिकायला पाठवलं नाही, त्यानं गावाच्या पोरींना घरात आणून बसवलं, आणि लोक म्हणाले काय बापाचं काळीज. चोवीस माणसांची पंगत बसेल एवढी जेवणाची खोली, तिचा तुमचा हॉल झाला. आमच्या निजायच्या खोलीत आता पोरी बेडूक कापतात. त्या वासानं सुरुवातीला मला जेवण जायचं नाही. आणि गोल खिडकीची खोली — जी मला मिळायची होती, तिचं लग्न झाल्यावर — ती झाली बारा नंबर.

म्हणून सांगते, तिच्याबद्दल माझ्या मनात काही होतं तर ते उगीच नव्हतं. माझं राज्य घेऊन गेली ती. फोटोवाल्यासाठी. आणि वर दर वर्षी स्मृतिदिन आला की मी पहिल्या रांगेत बसायचं, तिच्या फोटोला फुलं वाहायची, आणि कोणीतरी येऊन म्हणायचं, किती नशीबवान घर हे. पंधरा-सोळा वर्षं वाहिली मी फुलं. मग मामंजींची दृष्टी गेली, ह्यांना सभांचा कंटाळा, तेव्हा कुटुंबाच्या वतीनं मुलाखतींना मी बसायला लागले. भाषेची जागा निघाली होती. पाचसहा जणी बाहेर बसलेल्या. ऑफिसचं ते दार तुला माहितीये, फुगलेलं आहे, परकं माणूस आलं की ढकलत बसतं, मग आतून प्यूननं उठून उघडावं लागतं. एकीला बोलावलं, तर तिनं मूठ जरा वर उचलली, गुडघा लावला, आणि दार उघडलं. न बघता. ते तसं उघडायचं घरच्यांनाच ठाऊक. मी मान वर केली, तर समोर वन्सं.

… बोलले का मी? बोलले. जाऊ दे. आता तोंडातून गेलंच आहे, तर नीट ऐक, अर्धवट ऐकून खाली जाऊन भलतंसलतं सांगशील. हो. तुमच्या भाषेच्या बाई. तीच ती. नाव लग्नानंतरचं, केस अकाली पांढरे झालेले, जाड चष्मा, हाडं वर आलेली. प्राचार्य ओळखत नव्हत्या, मंडळातले कोणी ओळखत नव्हते, आणि ज्या फोटोखालून ती आत आली तो फोटो अठरा वर्षांच्या पोरीचा. तो फोटोवाला वारला होता, छातीच्या दुखण्यानं. पण त्यानं तिला शिकवलं होतं बरं का. लग्नांचे फोटो काढून काढून बायकोला एम.ए. केलं त्यानं. बापाच्या हवेलीत झालं नाही ते फोटोवाल्याच्या खोलीत झालं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "याआधी कधी आला होतात या इमारतीत?" म्हणाली, "नाही." "घरी कोण कोण?" "कोणी नाही." "आईवडील?" माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "त्यांच्या दृष्टीनं मी नाही." प्राचार्यांना वाटलं, बिचारी. मी म्हटलं, "नेमून टाका यांना."

का म्हणजे? नको म्हटलं असतं तर ती गेली असती, आणि गेलेली ती एकदा गेलीच होती, त्यात माझ्या हाती काय लागलं होतं? मांजर उंदीर लगेच खातं का? नंतर मी तिला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "वन्सं, नोकरी आहे, घर नाही. वरचा जिना चढायचा नाही. लोकांना कळलं तर मामंजींची सगळ्या गावात छी-थू होईल. मेलेल्या मुलीच्या नावावर उभं आहे हे सगळं, तुम्ही जिवंत निघालात तर बापाला जिवंतपणी मारल्यासारखं होईल." शब्द कसे तयार होते बघ माझ्याकडे, जणू इतकी वर्षं तेच पाठ करत होते. ती म्हणाली, "वहिनी, मी काही मागायला नाही आले. बारा नंबर मिळाली तर बघा." बस एवढंच. मी म्हटलं, घ्या. मला वाटलं, स्वतःच्या खोलीत फळ्यासमोर उभी राहील आणि रोज झिजेल. आणि ती बया पहिल्या दिवसापासून अशी शिकवायला लागली, जशी काही खोली तिला परत मिळाली.

स्मृतिदिनाचं भाषण मी तिलाच द्यायला लावायचे. मीच नाव सुचवायचे, भाषेच्या बाई आहेत, त्यांनी बोलावं. उभी राहायची स्वतःच्या फोटोखाली आणि बोलायची मेलेल्या मुलीबद्दल. पहिल्या वर्षी आवाज जरा चिरकला, मला बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी नाही चिरकला. एक वर्ष म्हणाली, ही मुलगी फार हट्टी होती असं ऐकते, तुम्हीही जरा हट्टी व्हा. पोरी हसल्या. तू होतीस का तेव्हा? नसशील. काय गं, तोंड कसलं करतेस? मी तिला उपाशी ठेवलं नाही, रस्त्यावर काढलं नाही, पगार महिन्याच्या महिन्याला मिळत होता. तुझ्या घरात नणंद नसेल, म्हणून असं बघतेस.

मग मामंजींनी अंथरूण धरलं. त्यांची खोली ही पलीकडची, म्हणजे बारा नंबरच्या बरोब्बर वर. एक दिवस मी त्यांना भरवत होते, तर मधेच तोंड मिटलं आणि म्हणाले, "कोण वाचतंय?" खालून आवाज येत होता, गोल खिडकीतून, कविता शिकवत होती ती. मी म्हटलं, शिकवणाऱ्या बाई आहेत. म्हणाले, "खिडकी उघडी राहू दे." त्या दिवसापासून चाळाच लागला. सकाळी उठलं की विचारायचे, तास केव्हा? तास सुरू झाला की डोळे मिटून पडून राहायचे, घंटा झाली की म्हणायचे, हां, आता द्या औषध. मुलीचा आवाज आहे असं एका शब्दानं म्हणाले नाहीत, आणि मीही नाही. मेलेल्या माणसाचा आवाज कसा म्हणायचा? आणि तिलाही कळलं कसं कोण जाणे. नोकरानं सांगितलं असेल. ती खिडकीशी येऊन उभी राहायला लागली शिकवताना. पोरींकडे पाठ, तोंड बाहेर. लहानपणी बापाला वाचून दाखवायची त्याच कविता, अभ्यासक्रमात असोत नसोत. खालून ती वाचते, वरती हा ऐकतो, मधे माझं छत आणि माझी जमीन, आणि मी वाटी हातात धरून उभी. मला काय वाटलं असेल? वीसेक वर्षं त्या माणसाची उष्टी काढली मी. माझं नाव हाकेला तरी यायचं का? "अहो सूनबाई, तास सुरू झाला का बघा."

सुतार बोलावला आणि बारा नंबरची खिडकी खिळे मारून बंद करून घेतली. पाऊस आत येतो म्हणून. पाऊस येतच होता थोडा. झालं, वर सगळं शांत. मामंजी दोन दिवस खिडकीकडे कान लावून पडले. तिसऱ्या दिवशी ती जिन्यात दिसली मला. मधल्या वळणावर, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, एक पाय वरच्या पायरीवर. मी वर उभी. नोकर बघतोय, दोन पोरी बघतायत. मी म्हटलं, "बाई, उत्तरपत्रिका वर द्यायच्या नसतात. ऑफिसात द्या." मला वाटलं, आता येते, आता मला ढकलून येते — ढकललं असतं तर मी काय करणार होते गं? हाडाची काडी मी. पण तिनं पाय मागे घेतला. शिकलेली माणसं अशीच असतात, पोरींसमोर तमाशा नको म्हणून बाप सोडतील.

शेवटच्या आठवड्यात मामंजी म्हणाले, "त्या बाईंना वर बोलवा." मी म्हटलं, कोणत्या? म्हणाले, "वाचायच्या त्या. एकदा हात धरू दे मला त्यांचा." … मी गेले ना खाली. जिना उतरले. बारा नंबरच्या दारापर्यंत गेले. ती फळा पुसत होती, पाठमोरी. आणि मी पुढे गेले, स्टाफरूममध्ये, आणि गणिताच्या बाईंना म्हटलं, जरा वर चला, म्हाताऱ्या माणसाची इच्छा आहे. त्या भल्या, आल्या. बसल्या त्यांच्याजवळ. मामंजींनी त्यांचा हात घेतला, बोटं चाचपली, मनगटापर्यंत गेले, आणि हात खाली ठेवला. हळूच ठेवला, काच ठेवावी तसा. म्हणाले, "आभारी आहे, बाई." आणि भिंतीकडे वळले. माझ्याशी त्यानंतर बोललेच नाहीत. दोन दिवस होते त्यानंतर. पाणी मागितलं ते नोकराकडे.

असं बघू नकोस म्हटलं ना. तू विचारलंस म्हणून सांगतेय मी. पुढचं ऐक, म्हणजे तुला कळेल तुमच्या बाई काय चीज होत्या. त्या वर्षीचा स्मृतिदिन आला. स्टेजवर मी आणि ती शेजारी-शेजारी. तिचं नाव पुकारलं, ती उठायला लागली, आणि मी तिच्या कानाशी म्हटलं, "वन्सं, मामंजींनी शेवटी तुम्हाला बोलावलं होतं. मी गणिताच्या बाईंना नेलं." आता म्हणशील, सांगितलं कशाला? अगं, नाही सांगितलं तर काय उपयोग? कोणाला तरी कळायला नको का? ती गेली माईकपाशी. उभी राहिली. चारशे पोरी समोर, वर तो फोटो हसतोय. मला वाटलं, आता फुटणार, आता सगळं बाहेर येणार, आणि खरं सांगू, मला हवं होतं यायला. ओरडेल, माझ्याकडे बोट करेल, काहीतरी करेल. आणि ती म्हणाली, "या मुलीला शिकायचं होतं. एवढं खरं आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल. उद्या तासाला पुस्तकं आणा." आणि परत येऊन माझ्याशेजारी बसली. चष्मा काढून पुसला, घातला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागानंसुद्धा नाही. त्यानंतर वीस वर्षं शिकवलं तिनं इथे, आणि रोज सकाळी जिन्याखालून मी दिसले की मान लववायची, प्यूनला लववायची तशीच. वीस वर्षं. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर.

म्हणून म्हणते, फोटो लागणार नाही. तिला आयुष्यभर एक फोटो मिळालाय या घरात, फुलं मिळाली, भाषणं मिळाली, माझी हवेली मिळाली. आता आणखी एक? प्राचार्यांना सांग, कुटुंबाचा विरोध आहे. कारण विचारलं तर सांग, जागा नाही. … काय? मोठ्यानं बोल, पुटपुटू नकोस. … कधी? काल? काल लावला म्हणजे? मला न विचारता? … मंडळाचा ठराव. माझ्या सहीची गरज नाही. बरं. बरं. मग तू मघापासून … हो, मीच बोलू दिलं नाही, कळलं. मग आलीस कशाला तू? … पहिल्या रांगेतली खुर्ची. म्हणजे समारंभाचं आमंत्रण द्यायला.

पोरी काय म्हणतात? … नाही, तू आत्ता म्हणालीस, पोरी फोटोंखाली उभ्या राहून काहीतरी म्हणत होत्या. सांग. … हसण्यात सारख्या. दोघी बहिणी वाटतात.

मी येणार नाही. तब्येत बरी नाही म्हणून सांग. आणि तो पेला जागेवर ठेव, तिथे नको, खाली ओल पडते. जा आता. तुझा तास असेल.